पयलं, शेवटचं आणि म्हस

साल १९८८, मे महिन्यातला शनिवार. पैज सगळ्या ऑफिसला मिसळ, म्हणजे माणशी तीनप्रमाणे साठ रुपये. हजर आमच्या सहकारी संस्थेतली वीस माणसं आणि नुकताच आलेला कॉम्प्युटर. पैज लावणाऱ्या आमच्या हेडक्लार्क इंदूआक्का.

"मशीननं एक जरी नाव चुकवलं, तर मिसळ माझ्याकडनं. कट घालून!"

आक्का शिवाजी पेठेतल्या. दारात म्हैस, घरात फुटबॉलचं वेड आणि आवाज मैदानातला. पन्नाशी उलटल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, त्या संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकल्या. एखादं नाव यादीत आहे का, हे शोधायचं सूत्र त्यांनी बसवलं. नाव सापडलं तर पडद्यावर काय उमटावं, हे सूत्र लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. आक्कांनी ठरवलं, 'हाय' आणि 'न्हाय', इंग्रजी अक्षरांत. "आपल्या टेबलावर बसतंय, आपली भाषा शिकू दे की!"

काम महत्त्वाचं होतं. गडमुडशिंगीच्या रस्त्याला संस्थेच्या सभासदांसाठी प्लॉट पाडले होते आणि अर्ज प्लॉटांहून जास्त. सोमवारी चार वाजता चिठ्ठ्या निघणार होत्या. सभासदांच्या यादीत नाव असेल त्याचीच चिठ्ठी डब्यात. आक्कांची तपासायची एक रीत होती, आधी स्वतःचं नाव घालायचं. प्लॉटसाठी पहिला अर्ज त्यांचाच होता. त्या पहिल्या ओळीत सूत्र लिहून त्यांनी विचारलं, "मी हाय का?" उत्तर आलं, हाय. खूश होऊन त्यांनी तेच सूत्र खालपर्यंत उतरवलं. दहा-बारा 'न्हाय' निघाले. ती नावं बोर्डावर लागली.

सोमवारी सकाळी नेसरीहून पहिल्या एस.टी.नं देसाईअण्णा येऊन उभे. आमच्या गोडाऊनवरून निवृत्त झालेले, सभासद क्रमांक सात. स्वतःचं घर नाही, भावाच्या पडवीत राहायचे. बोर्डावरची बातमी त्यांना कुणीतरी पोचवली होती.

"आक्का, मी म्येलो काय?"

"अण्णा, मशीन न्हाय म्हणतंय."

"मशीन काल आलं. संस्थेच्या पयल्या सभेला जाजम मी अंथरल्यालं!"

सगळे हसले. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी 'न्हाय'वाल्यांची नावं पुन्हा वाचली आणि माझ्याकडे वळल्या. "अकौंटंट, दोघं-तिघं सोडली तर ही समदी जुनीच माणसं. म्हातारीच तेवढी कशी गळाली ओ?"

मग त्यांनी पहिल्या ओळीतलं सूत्र पाहिलं, शेवटच्या ओळीतलं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सूत्र एकेक ओळ खाली उतरताना, ज्या यादीत शोधायचं तीही एकेक ओळ खाली सरकत गेली होती. पहिल्या अर्जाला पूर्ण यादी दिसत होती. उशिरा आलेल्या अर्जांना यादीच्या वरची नावं, म्हणजे सगळ्यात जुने सभासद, दिसतच नव्हती. अण्णांचा अर्ज शेवटून दुसरा.

"यादीला खुंटी मारायची इसरलो! म्हस चरत चरत पार बांधाबाहेर!"

सूत्रात एक खूण घातली की यादी जागची हलत नाही. आक्का तिला खुंटी म्हणत. ती घालून, गुपचूप नवा कागद लावून त्यांना सुटता आलं असतं. त्यांनी बोर्डावरचा कागद सगळ्यांसमोर फाडला. "ऐका! चूक मशीनची न्हाय, माझी हाय!"

पुन्हा तपासताना त्यांनी यादीतलं पहिलं नाव शेवटच्या ओळीत घातलं. हाय. यादीतलं शेवटचं नाव घातलं. हाय. मग घातलं 'चंद्री'.

"ही कोण?" मी विचारलं.

"आमची म्हस."

पडद्यावर उमटलं, न्हाय.

"आता खरं!" आक्का म्हणाल्या. "नसल्यालीला न्हाय म्हणतंय, म्हंजे असल्याल्याला हाय म्हटल्यालं पटतंय."

चार वाजता अण्णांची चिठ्ठी डब्यात पडली आणि निघालीही, कोपऱ्यावरचा प्लॉट. आक्कांची निघाली नाही. "मला पेठ सोडून करमतंय व्हय!" म्हणाल्या आणि अण्णांचा प्लॉट वहीत नोंदवायला बसल्या.

पुढल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. घरचा किराणा असो की लग्नाच्या पत्रिका, यादी जुळवायला बसलो की मी अजून पयलं, शेवटचं आणि म्हस बघतो.

पैजेचा हिशेब राहिला. अण्णा धरून माणसं एकवीस, रुपये त्रेसष्ट. आम्ही वर्गणी काढू म्हणालो, तर आक्का कडाडल्या. सगळी रक्कम त्यांनी हॉटेलवाल्याला रोख दिली. अण्णांनी दोनदा कट मागून घेतला, त्याचे वेगळे पैसे पडले नाहीत.