मांडी ही सीट नव्हे

तुमच्या गाडीत तुमच्या घरातलं सगळ्यात लहान माणूस कुठे बसतं?

हाच प्रश्न मी निलेश सावंतांना विचारला, तेव्हा त्यांनी बुकिंगवर सही करायला पेन उघडलं होतं. गुढीपाडवा तोंडावर होता. शोरूममध्ये झेंडूच्या माळा येऊन पडल्या होत्या. शेजारच्या टेबलावरून आमचे सेल्स मॅनेजर बिपीन सर माझ्याकडे रोखून बघत होते. सही होत असताना गाडी विकणाऱ्या कन्सल्टंटने तोंड उघडायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

मी मालाडला लिंक रोडवरच्या एका शोरूममध्ये गाड्या विकते. सावंतांना हवी होती ती गाडी समोरच उभी होती. लाल रंग, मागे उतरत गेलेलं छप्पर, टर्बो इंजिन. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. पाय दाबला की गाडी झेप घेते. निलेश अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायचे. लग्नाआधीपासूनची बाईक त्यांनी नुकतीच विकली होती.

"बाईक गेली," ते पहिल्या भेटीत म्हणाले होते, "आता निदान गाडीत तरी जीव पाहिजे."

बरोबर त्यांची बायको प्राची होती, सातवा महिना लागलेला. चार वर्षांची मुलगी इरा. आणि निलेशच्या आई, मूळच्या कणकवलीकडच्या, आता मुलाकडे मालाड पूर्वेला राहणाऱ्या.

त्या पहिल्या भेटीत टेस्ट ड्राइव्ह झाली ती आमच्या पद्धतीने. ही पद्धत तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. साहेब गाडी चालवतात, कन्सल्टंट शेजारी बसतो. बाई, मुलं, म्हातारी माणसं एसी लाउंजमध्ये कॉफी पितात. "मॅडम, उन्हात कशाला त्रास?" असं आम्ही फार प्रेमाने म्हणतो. खरं कारण वेगळं असतं. पाच माणसं भरली की गाडी जड होते, झेप कमी होते आणि मागच्या सीटवरून तक्रारी सुरू होतात. रिकामी गाडी पटकन विकली जाते. घर चालवणारी माणसं गाडीबाहेर ठेवून आम्ही फॅमिली कार विकतो.

त्या दिवशी सावंत मंडळी गेल्यावर मी ताईला फोन केला. ती वाकोल्याला राहते, तिला दोन मुलं आहेत. तिच्या गाडीतल्या दोन्ही चाइल्ड सीट मी मागून आणल्या. एक तान्ह्या बाळाची, गाडीत उलट्या तोंडाने बसवायची. दुसरी इराच्या वयाच्या मुलांची. आमच्या एवढ्या मोठ्या शोरूममध्ये सीट कव्हरचे चाळीस नमुने आहेत, पण दाखवायला एकही चाइल्ड सीट नाही.

तर निलेशनी पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे काय? मागे बसणार."

"मागे कुठे?"

"आईच्या मांडीवर. आम्ही सगळे तसेच वाढलो, मॅडम."

"मांडीसारखी जागा नाय," आई म्हणाल्या. "गावाक गणपती पण आम्ही मांडीवरच नेतंव."

"सही करायच्या आधी सगळे एकदा गाडीत बसूया," मी म्हटलं. "सीट मी आणल्यात."

बिपीन सर उठून आले. ग्राहकांसमोर ते हसतात आणि दातांमधून बोलतात. "वैदेही, कस्टमरने गाडी पसंत केलीय. पाडव्याला हीच गाडी रेडी स्टॉकमध्ये आहे. कशाला टाइमपास?"

"दहा मिनिटं, सर."

"तू गाडी विकतेस की प्रवचन करतेस?"

मी उठले. सीट उचलल्या आणि लाल गाडीचं मागचं दार उघडलं.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. मागच्या सीटच्या फटीत लोखंडाच्या दोन कड्या असतात, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. चाइल्ड सीट त्यात खटकन अडकते आणि गाडीच्या सांगाड्याला धरून राहते. या गाडीत त्या कड्या दोन्ही खिडक्यांकडे होत्या. इराची सीट ड्रायव्हरच्या मागे बसली. तान्ह्या बाळाची सीट दुसऱ्या बाजूला उलटी बसवली, तर ती पुढच्या सीटच्या पाठीला भिडली. पुढची सीट सरकवावी लागली. आई पुढे बसल्या. त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"माझे पाय खय ठेवू?" त्यांनी विचारलं.

मग प्राची मागे, मधे बसायला गेली. दोन सीटच्या मधे वीतभर जागा उरली होती. खाली जमिनीला उंचवटा. छप्पर उतरतं, त्यामुळे आत शिरताना डोकं आपटलं. एका हाताने पोट सांभाळत ती अर्धी आत गेली आणि तशीच थांबली.

"मला बाहेर यायचंय," ती म्हणाली.

मी तिला हात देऊन बाहेर काढलं. निलेशचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी स्वतःला सावरलं.

"बाळाची सीट काढा. आई मागे बसेल, बाळ मांडीवर. झालं की. प्रत्येक गोष्टीचा इश्यू करायचा नसतो."

"निलेश सर, तुम्ही धराल बाळ मांडीवर?"

"मी जिमला जातो, मॅडम. ट्रकने ठोकलं तरी सोडणार नाही."

"मग एक गोष्ट करून बघूया."

पँट्रीतून मी पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला. तीन-चार महिन्यांच्या बाळाचं वजन साधारण तेवढंच. निलेशना डेमो कारमध्ये मागे बसवलं. डेमो कार म्हणजे टेस्ट ड्राइव्हसाठी ठेवलेली गाडी. त्यांचा बेल्ट लावला आणि कॅन मांडीवर दिला.

"बाळ घेता तसा घ्या. आवळायचा नाही. बाळाला कोणी आवळत नाही."

बिपीन सर बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आता ते हसत नव्हते. "ही डेमो कार आहे, सर्कस नाही. चावी दे."

मी चावी दिली नाही. मार्चअखेर होती. वर्षाचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर होतं आणि माझी नोकरी त्यांच्या हातात.

"होऊ द्या," मागून प्राची म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "बसणारं बाळ माझं आहे. मला बघायचंय."

सरांनी बॉनेटवरचा हात काढला.

शोरूमच्या मागे आमचं गाड्या लावायचं यार्ड आहे, मधे लांब मोकळी पट्टी. वॉचमनला सांगून ती पट्टी मोकळी ठेवली. प्राची, आई आणि इरा भिंतीकडे उभ्या राहिल्या. मी गाडी सुरू केली. तीसच्या स्पीडला आले. तीस म्हणजे काहीच नाही, लिंक रोडवर रिक्षा याहून जोरात जातात. निलेश मागून म्हणत होते, "आता ब्रेक मारणार ना? कळतं मला. मी धरून..."

मी ब्रेक दाबला.

कॅन त्यांच्या मांडीवरून घसरला, पुढच्या सीटच्या पाठीवर आदळला आणि खाली पायाशी पडला. झाकण उडालं. पाणी मॅटवर पसरलं.

निलेश आपल्या हातांकडे बघत राहिले. मग चिडले.

"सांगून मारायचा ना ब्रेक. सांगितलं असतंत तर घट्ट पकडला असता."

"पुढचा रिक्षावाला सांगून ब्रेक मारतो का, सर?"

"हा फाउल आहे."

"हा नुसता ब्रेक होता. आपण कशावर आदळलो नाही."

ते उतरले आणि यार्डच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं. ही माणसं आता समोरच्या शोरूममध्ये जातील, तीच चूक तिथे करतील आणि तिथला कन्सल्टंट त्यांना कॉफी देईल.

आई गाडीजवळ आल्या. त्यांनी वाकून खाली पडलेला कॅन बघितला, मग सीटच्या पाठीवर जिथे तो आदळला होता तिथे बोटं फिरवली. मग मुलाकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "झिला, इकडे ये. गाडी पळता किती ता मगे बघ. पोर बसतला खय ता आधी बघ."

"आई, तूच म्हणत होतीस मांडीवर."

"म्हणी होतंय. आता नाय म्हणणंय."

निलेश परत आले. प्राचीसमोर उभे राहिले. "मला ही गाडी आवडलीय गं."

"माहितीय मला. मलाही आवडलीय." तिने पोटावर हात ठेवला. "पण ह्याला कुठे बसवू, सांग. तू सांगशील तिथे बसवते."

निलेशनी खाली पडलेला कॅन उचलून भिंतीकडे ठेवला.

याच कंपनीची दुसरी गाडी आमच्याकडे आहे. इंजिन तेच, टर्बो तोच, गिअरबॉक्स तोच. फक्त वरची बॉडी वेगळी. उंच, चौकोनी, सरळ छपराची. पहिल्या भेटीत मी दाखवली तेव्हा निलेश म्हणाले होते, "हा फरसाणाचा डबा नको." या वेळी दोन्ही सीट त्यांनीच उचलून आणल्या. दोन्ही सीट मागे खटकन बसल्या. जमीन सपाट, मधली जागा पुरेशी. प्राची न वाकता आत गेली आणि दोन सीटच्या मधे बसून स्वतःचा बेल्ट स्वतः लावला. पुढे आईंचे पाय मोकळे राहिले. इरा तिच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघायला लागली. तिला पहिल्यांदाच गाडीतून बाहेरचं दिसत होतं.

मग सगळ्यांना घेऊन टेस्ट ड्राइव्ह झाली. मला गाडीत जागाच नव्हती. मी फुटपाथवर थांबले. नियमात हे बसत नाही. कन्सल्टंटशिवाय गाडी बाहेर सोडायची नसते. बिपीन सर काचेतून बघत होते.

गाडी परत आली. निलेश उतरले.

"वळणावर झुलते," ते म्हणाले.

"झुलते," मी म्हटलं. "उंच आहे. लाल गाडीसारखी वळणार नाही, खोटं कशाला सांगू?"

"पिकअप मात्र आहे." हे त्यांनी जरा नाइलाजाने सांगितलं.

पण खरी अडचण पुढेच होती. ही गाडी स्टॉकमध्ये नव्हती. पाडव्याला मिळणार नव्हती. बिपीन सरांनी लगेच तेच पकडलं. "सर, पाडव्याचा मुहूर्त साडेतीन मुहूर्तांपैकी एक. लाल गाडी आज फायनल करा, सकाळी पूजेला दारात उभी करतो. चाइल्ड सीटचं नंतर बघता येतं."

मुहूर्त म्हटल्यावर आपल्याकडे भलीभली माणसं नमतात. नंबर प्लेटच्या आकड्यांची बेरीज करतात, रंग राशीला विचारतात. मूल कुठे बसणार, हे मात्र कुठल्याच पंचांगात नसतं. निलेशनी आईकडे पाहिलं. पाडव्याचा नारळ आईंनी गावाहून मागवला होता. सगळ्या नातेवाइकांना फोन झाले होते. त्या हट्ट धरून बसल्या असत्या तर लाल गाडीच गेली असती.

"अक्षय तृतीया पण त्यातलोच मुहूर्त ना?" आईंनी सरांना विचारलं.

"हो, पण..."

"मग गाडी तेव्हा द्या. नारळ काय तोपर्यंत नासाचो नाय."

पाडव्याला शोरूमच्या दारात गाड्यांची रांग लागली होती. हार, पेढे, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात घेऊन फोटो. मला डिलिव्हरीवर ठेवलं नव्हतं. सरांनी मला आतल्या टेलिकॉलिंगच्या टेबलावर बसवलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अक्षय तृतीयेला सावंतांनी गाडी नेली. पुढे एका दुपारी मला निलेशचा फोन आला. जोगेश्वरीच्या एका नर्सिंग होमच्या गेटमधून. मागून हॉर्न, वॉचमनची शिट्टी आणि बाळाचं किंचाळणं एकदम ऐकू येत होतं.

"मॅडम, मुलगा झालाय. डिस्चार्ज मिळाला. सीटमध्ये ठेवला की रडतो. सगळे म्हणतायत, पहिल्यांदा घरी येतोय, कुशीत घ्या. आई पण आता गप्प आहे. वीस मिनिटांचा तर रस्ता आहे. काय करू?"

"गाडी चालू केलीत?"

"नाही."

"मग घाई कसली? बाळाला सीटमधून बाहेर काढा. प्राचीला पाजू द्या. शांत झाला की बसवा."

"मागे रिक्षा अडकल्यात. शिव्या देतायत."

"देऊ द्या."

फोन चालूच राहिला. नुसते हॉर्न ऐकू येत होते. मग बाळाचा आवाज हळूहळू कमी झाला. मग बेल्टचा खटका ऐकू आला.

"बसला," निलेश म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतर प्राचीने सांगितलं, त्यांनी घरापर्यंत एकदाही टर्बो जागा होऊ दिला नाही. सायकलवाला पाववाला त्यांना मागे टाकून गेला.

बिपीन सरांनी मला परत फ्लोअरवर घेतलं, कारण दिवाळी आली आणि माणसं कमी पडली. शोरूमला अजून चाइल्ड सीट नाही. मी तीनदा मागणी केली आहे. गाडी कशी निवडावी, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर एका ओळीचं आहे: जी गाडी एकटा माणूस निवडतो, ती गाडी एकट्या माणसाचीच असते.

म्हणून एक विनंती आहे, आणि ती या आठवड्यात पूर्ण करा. गाडी घ्यायची असेल तर शोरूममध्ये सगळे मिळून जा, चाइल्ड सीट उसनी का होईना घेऊन जा, आणि प्रत्येकाचा बेल्ट लागल्याशिवाय पेन उघडू नका. गाडी आधीच घेतली असेल तर आजच खाली पार्किंगमध्ये उतरा. मागच्या सीटच्या फटीत हात घाला आणि त्या दोन लोखंडी कड्या सापडतात का, ते बघा.