खुर्चीवर गप्प बसलेली सुहासिनी

आमची सून सुहासिनी बोलायला लागली की दूधवाला गाडी बंद करून स्टँडवर लावतो. पेट्रोल कशाला जाळायचं, आता काही लवकर सुटका नाही, हे त्याला अनुभवाने कळलंय. दुधात पाणी आहे इथून सुरुवात होते आणि गल्लीत गाय कुणाची फिरते इथवर जाते. शेवटी तो हात जोडतो, "ताईजी, आप जीते," आणि मापाच्या वर थोडं जास्तच घालून जातो.

अशा बाईला एका रविवारी अख्खी सकाळ तोंड मिटून बसावं लागलं, आणि तेही स्वतःच्या धंद्याचा फैसला होत असताना. तीच गोष्ट सांगते.

लग्न होऊन ती इंदूरजवळच्या आमच्या राऊला आली तेव्हा तिला बल्ब बदलायचीसुद्धा भीती वाटायची. माझा मुलगा अभिराम शाळामास्तर, त्याला तर अजून वाटते. तेव्हा केबल टीव्हीचे दिवस होते. केबलवाला गावाला गेला की कॉलनीभर पडद्यावर मुंग्या. एकदा मालिकेतल्या लग्नात ऐन अंतरपाट धरला आणि चित्र गेलं. हिने पदर खोचला, गच्चीवर चढली, माकडांनी ओढलेली तार शोधली आणि दातांनी सोलून जोडली. खाली येते तो दारात बायकांची रांग, "भाभी, हमारा भी देख दो ना." तिथून जी शिडीवर चढली ती चढलीच. पुढे केबलवाल्याने कंटाळून सगळं कामच तिच्या गळ्यात घातलं, केबलचं इंटरनेट झालं, आणि आज राऊतली घरं, दुकानं, हॉस्टेलं तिच्या तारांवर चालतात. हाताखाली श्रिया नावाची इंजिनेर पोरगी आहे. ती आमच्या खालच्या खोलीत मशीनींपुढे बसते आणि मला आजी म्हणते.

मी चौथीपर्यंत शिकले. पण मशीनी घरातच, तर कानावर पडतंच. श्रियाने मला एकदा समजावून सांगितलं. इंटरनेटवरच्या मशीनीला पत्ता लागतो. पत्त्यांचे गठ्ठे वाटणारी एक संस्था असते, कुणाला कोणता गठ्ठा दिला याची ती नोंद ठेवते. गठ्ठा मिळाला की इंटरनेटवाल्याने शेजारच्या इंटरनेटवाल्यांना दवंडी द्यायची, 'हे पत्ते माझ्याकडे राहतात, यांचं टपाल इकडे धाडा.' शेजारी ती दवंडी पुढच्याला सांगतो, पुढचा आणखी पुढच्याला.

"आणि कुणी चुकीची दवंडी दिली तर?" मी विचारलं.

"तर लोक खरी मानतात, आजी."

"म्हणजे सगळा कारभार भरवशावर?"

"बराचसा."

मी म्हटलं, मग ठीक. आमची लग्नंसुद्धा अशीच जमली.

तर एका सकाळी राऊचं इंटरनेट बसलं. घरातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. कॉलेजच्या अंबिका मॅडम, कॉम्प्युटरच्या मुख्य, त्यांच्याकडे नेमकी मुलांची परीक्षा चालू होती. खालून श्रिया ओरडली, "ताई, आपल्या पत्त्यांची दवंडी सांवेर रोडवरून येतेय!"

सांवेर रोडवर विक्रांतचा धंदा, तो कारखान्यांना इंटरनेट देतो. तो आणि सुहासिनी वर्षभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात आणि दिवाळीला एकमेकांकडे शेव धाडतात. हिने त्याला फोन लावला.

"विक्रांत भिया, राऊ तुमच्याकडे राहायला आलंय का?"

"क्या हुआ ताई?"

"माझे पत्ते तुम्ही आपले म्हणून सांगताय. बघा जरा."

पलीकडून नुसती खटखट. मग, "अरे बाप रे! नव्या कारखान्याचा गठ्ठा टाकत होतो, एक आकडा चुकला. काढतो ताई... काढला. आलं का?"

आलं. तेवढा वेळ राऊचं टपाल सांवेर रोडला जाऊन 'इथे हे कुठे राहतात हो' असं विचारत उभं होतं बिचारं.

मला वाटलं, आता ही त्याच्या सात पिढ्या उद्धरणार. पण या इंटरनेटवाल्यांची रीत वेगळी. आधी दुरुस्ती, मग चौकशी, टोमणे सगळ्यात शेवटी. विक्रांतने त्यांच्या सगळ्यांच्या ग्रुपवर आपणहून लिहिलं, 'चूक माझी. राऊची माफी मागतो.' मग टोमण्यांना मोकळीक मिळाली. बेटमा गावाला इंटरनेट देणारे संताजीराव, त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे, त्यांनी लिहिलं, 'विक्रांत, जाता जाता बेटमापण घेऊन जा. मला आता झेपत नाही.'

अंबिका मॅडमना मात्र हसू आलं नाही. त्या संध्याकाळी घरी आल्या.

"सुहासिनीजी, चूक तुमची नव्हती, मान्य. पण मुलं माझ्यासमोर रडत होती. पुन्हा असं झालं तर कॉलेजची लाईन मला दुसऱ्या कंपनीला द्यावी लागेल."

कॉलेज म्हणजे हिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते गेलं तर खालची खोली बंद आणि श्रियाची नोकरीही गेली. दुसऱ्या दिवशी सुहासिनीने एक अक्षर न बोलता दूध घेतलं. दूधवाला घाबरून मला म्हणाला, "माँजी, ताईजी की तबियत तो ठीक है ना?"

उपाय तिला माहीत होता. प्रत्येकाने आपल्या गठ्ठ्यावर डिजिटल सही करून ठेवायची, की हा माझा. आणि दवंडी आली की पुढे सांगण्याआधी प्रत्येकाने ती सहीशी जुळते का बघायचं. हिची सही झालेली होती. पण बाकीचे बघतच नाहीत तर तिचा उपयोग काय? सगळ्या चाळीला एकच दरवाजा असल्यावर आपल्या खोलीला कुलूप घालून किती निभणार. इंदूरच्या सगळ्या इंटरनेटवाल्यांनी मिळून ठरवायला हवं होतं, आणि कुणावर जबरदस्ती करता येत नाही.

त्यांची महिन्याची बैठक असते, पाळीपाळीने एकेकाच्या घरी. ज्याचं घर, तो खुर्चीवर. मतं मोजत नाहीत. खुर्चीवरच्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. त्याचं काम एवढंच, की कुणी हरकत घेतली तर ती त्याच्यापेक्षा चांगली मांडून दाखवायची. हरकतवाला 'हो, हेच' म्हणाला, तरच बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. आणि शेवटी 'कुणाला आवडलं' असं विचारत नाहीत. विचारतात, 'कुणाला चालणारच नाही?' सुपारी फोडायच्या आधी आपल्याकडे विचारतात ना, तसं.

आणि पाळी नेमकी आमच्या घराची!

"काका, तुम्ही बसा ना माझ्या जागी," तिने संताजीरावांना विनवलं.

"मी विरोधात बोलणार आहे. मी कसा बसू?"

"मग विक्रांत भिया?"

"सह्या तपासायचा ठराव मीच आणलाय ताई. आणि हा नियम तुम्हीच लिहिला होता."

झालं. बसली.

मी पोहे केले होते. शेव, पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला, जिलब्या सगळं मांडलं आणि स्वैपाकघराच्या दारात उभी राहिले. विक्रांत उठला. त्याला मशीन समजतं, पण चार माणसांपुढे घाम फुटतो. कसंबसं सांगून झालं आणि संताजीराव बोलायला लागले. त्यांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते. हे प्लॅस्टिकच्या खुर्चीतही घोड्यावर बसल्यासारखे ताठ बसतात.

"समजा, मी माझा गठ्ठा फोडून दोन केले आणि सही बदलायला विसरलो. तर तुम्ही सगळे मिळून माझं बेटमा बंद कराल. कराल की नाही?"

"नाही काका, तसं नाही होत..."

"होतं की नाही?"

"होतं," विक्रांत म्हणाला. सगळे हसले.

मी सुनेकडे बघत होते. खुर्चीखाली तिच्या पायाची बोटं सारखी हलत होती. 'आणि माझं कॉलेज गेलं तर?' हे तिच्या ओठांवर आलेलं मला इथून दिसत होतं. तिने पेला उचलला, घटाघट पाणी प्यायली. मग म्हणाली,

"संताजीकाका, तुमचं म्हणणं मी सांगते, चुकलं तर टोका. चोर अडवायला आपण कुलूप लावतोय, पण घरमालकच किल्ली विसरला तर तोही बाहेर राहील. आणि लहान इंटरनेटवाल्याकडे चोवीस तास बघायला माणूस नसतो, म्हणून हा फटका लहानांनाच जास्त बसेल. हेच ना?"

संताजीरावांनी ताटली खाली ठेवली. "लहानांचं तर मी बोललोच नव्हतो. पण हो, हेच. माझ्यापेक्षा बरं बोललीस, पोरी."

मी मनात म्हटलं, अगं बाई, तू आहेस तरी कुणाच्या बाजूने?

पण तिच्या त्या बोलण्याने खोलीचा नूरच पालटला. भांडण संपून सगळे त्या किल्लीच्या मागे लागले. विक्रांत तर घाम पुसायचाही विसरला. "मग असं करू. ज्याची सही आपल्यातल्या दोघांनी तपासली, त्याच्या पत्त्यांची चुकीची दवंडी आली तर दार आजपासूनच बंद. ज्याची नाही तपासली, त्याचं काही जुळलं नाही तर आधी फोन, दार लगेच नाही लावायचं. आणि प्रत्येक लहानाला एक जोडीदार, त्याने आठवण करायची."

"आणि फोन कोण करणार?"

"मी करतो काका. राऊ मी उचलून नेलं होतं, आता फोनही मीच करीन."

राऊची सही तपासलेली होतीच. सुहासिनी काही बोलली नाही, पण पायाची बोटं थांबली.

संताजीरावांनी जिलबी मोडली, खाल्ली, बोटं पुसली. "मला अजून आवडलेलं नाही."

"आवडायलाच हवं असं नाही काका," सुहासिनी म्हणाली. "चालेल का?"

"...चालेल."

मग तिने सगळ्यांकडे बघत विचारलं, "कुणाला चालणारच नाही?" आणि थांबली. पंखा घरघरत होता. माझ्या कुकरने तेवढ्यात शिट्टी दिली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, न जाणो कुणी ती हरकत धरायचा.

"ठरलं," सुहासिनी म्हणाली.

मग तिथेच लॅपटॉप उघडून सगळे सह्या करायला बसले. संताजीरावांनी केली आणि लगेच त्यांचा फोन वाजला. "हॅलो, कौन?"

"काका, विक्रांत बोलतोय. तुमची सही जुळत नाहीये."

विक्रांत समोरच्या दिवाणावर बसला होता.

"अरे समोर बसलायस, तोंडाने सांग ना!"

"आत्ताच ठरलंय ना काका, आधी फोन."

संताजीराव इतके हसले की घोड्यावरून खाली उतरल्यासारखे दिसले. सही दुरुस्त झाली.

सुहासिनीने अंबिका मॅडमना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मॅडम, चूक कुणाचीच होणार नाही अशी हमी नाही देत. पण आता कुणी चुकून राऊचे पत्ते आपले म्हणाला, तर इंदूरचे आम्ही सगळे ते पुढे जाऊ देणार नाही."

"सगळे तयार झाले? तुम्ही तर एकमेकांचे दुश्मन ना?"

संताजीराव फोनकडे वाकले. "आहोतच मॅडम. तुमचं कॉलेज मलाही पाहिजे. पण राऊचा पत्ता तो राऊचाच."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "मग राहू द्या लाईन ताईंचीच. आणि नव्या हॉस्टेलचीही ओढून टाका."

सुहासिनीला काय करू आणि काय नको झालं. जवळ जिलबी होती, ती तिने विक्रांतच्या तोंडात कोंबली. तो तेव्हा राजेंद्रनगरच्या इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात कुणाला तरी 'तुमची सही जुळत नाही' सांगायला फोन लावून बसला होता. पलीकडच्याला काय ऐकू गेलं कोण जाणे, पण तो बराच वेळ "कौन? कौन?" करत होता.