पद्मिनीची मागची काच आणि रंभाची जीभ

रंभा पहिल्यांदा दारात आली तेव्हा भाग्यश्रीने तिला खिडकीतूनच सांगितलं होतं, "आज नको गो, श्रावण चाललाय." हे सांगताना भाग्यश्रीला अजून हसू आवरत नाही. म्हणते, मी तरी काय करणार, कमरेवर टोपली, टोपलीवर ओलं फडकं आणि चालणं असं ठसक्यात. रोह्याच्या आमच्या गल्लीत अशी बाई सकाळी दारात आली की ती सुकट-बोंबील विकायलाच आलेली असते. रंभा मुकाट पायरीवर टेकली आणि फडकं बाजूला केलं. आत दोरीचं वेटोळं, साबणाचा डबा, तारेचा ब्रश आणि काळ्या पेस्टच्या नळ्या.

"मावरं नाय वहिनी," ती म्हणाली. "तुमच्या गाडीची काच बसवायला आलेय."

भाग्यश्रीच्या नवऱ्याने, प्रदीपने, फोन केला होता तो गडबच्या कान्हूला. हायवेवर त्याचं काच-रबराचं दुकान, पाटीवर नाव त्याचंच. कान्हू आलाही होता, पण मागून, टपरीवर तंबाखू मळून. आला आणि एक शब्द न बोलता गाडीमागे जाऊन उभा राहिला. त्या दुकानात बोलायचं खातं बायकोकडे होतं.

गाडी म्हणजे प्रदीपच्या वडिलांची पिस्ता रंगाची पद्मिनी. प्रदीप कंपनीतली शिफ्ट संपवून आला की आधी तिच्या बोनेटवर हात फिरवणार, मग चपला काढणार. भाग्यश्रीच्या डोक्यावर असा हात कधी फिरला, ते तिलाच विचारा. पण वर्षातून एक दिवस ती गाडी सगळ्या घराची असते. पेणच्या कारखान्यातला शाडूचा गणपती सासऱ्यांच्या वेळेपासून तिच्या मागच्या सीटवर बसून रोह्याला येतो. गेल्या वर्षी नागोठण्याच्या अलीकडे जोराची सर आली आणि मागच्या काचेच्या वरच्या कडेतून धार लागली ती थेट बाप्पाच्या डाव्या कानावर. शाडूच ती. कान मऊ पडला, रंग गळ्यापर्यंत ओघळला. भाग्यश्रीने जास्वंदी खोचून कान झाकला, पण आरतीला आलेल्या बायका बाप्पाकडे कमी आणि त्या जास्वंदीकडे जास्त बघत होत्या.

यंदा तिने सांगूनच टाकलं. एक थेंब जरी आत आला, तर पुढच्या वर्षी बाप्पा टेम्पोने येणार आणि गाडी भंगारात जाणार. ही नुसती बोलत नाही, हे प्रदीपला ठाऊक होतं. त्याची जुनी स्कूटर अशीच गेली होती.

तर रंभाने आल्या आल्या मागची सीट उचलली. खाली पत्र्याच्या खळग्यात पाणी साचलेलं. तिने त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. भाग्यश्रीच्या तोंडून शी निघालं.

"गंज आलाय," रंभा म्हणाली. "पानी काचेवरून नाय, पत्र्याला चाटून येतंय. चौकट खाल्लेय."

ही खोड तिला माहेरची. धरमतरच्या खाडीकाठी बापाचं मिठागर होतं. कोंडीतलं पाणी मिठाला तयार झालं का, हे बाप बोट चाटून सांगायचा. पोरीलाही तेच वळण लागलं. पुढे बांध फुटला, मिठागरात खाडीची झुडपं माजली आणि रंभा लग्न होऊन गडबला आली. कान्हू तेव्हा ट्रकच्या काचा बसवायचा. त्याचा खांदा दुखावला, दोरी ओढवेना, म्हणून ती एक दिवस काचेच्या आतल्या बाजूला बसली, ती तिथलीच झाली. बाई काच बसवते म्हणून ट्रकवाले आधी हसायचे. रंभा त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायची आणि त्यांच्या आईपर्यंत पोचेल असं काहीतरी ऐकवायची. मग ते गप्प.

तिचा एक नेम होता. काचेवर पाणी ओतून परीक्षा झाल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. भाग्यश्रीने कप आणला तो रंभाने दाराशी ठेवायला लावला.

जुनं रबर कापून काच उतरवली, चौकट ब्रशने घासली, गंजावर लाल रंग मारून तो वाळू दिला. मग नवं रबर काचेभोवती चढवलं, रबराच्या खाचेत दोरी घातली आणि सगळ्याला साबणाचं पाणी लावलं. कान्हूने काच बाहेरून चौकटीवर टेकवून तळव्यांनी दाबली. रंभा आत मागच्या सीटवर गुडघे टेकून बसली आणि दोरीचं टोक हळूहळू ओढायला लागली. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर पलटत येतो. कान्हू बाहेरून, ती आतून, मध्ये काच. ती नुसती भुवई उडवायची की तो हात सरकवायचा. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी प्रदीपला आपली भुवई वाचता येत नाही, हे भाग्यश्रीच्या मनात आलंच.

रबराखाली पेस्ट भरली, पुसून घेतली, आणि रंभाने बादली ओतली. वरच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत आलं.

प्रदीपचा चेहरा पडला आणि तोंड सुटलं. पाटी कान्हूची आणि काम बायकोचं, मग दुसरं काय व्हायचं, असं बरंच काही तो बोलला. रंभाने काचेच्या आत हात घातला. आतला ओघळ बोटावर घेतला, जिभेला लावला, आणि रबराचा वास घेतला.

"ह्या रबराला खोबरेल कोणी लावलान?"

भाग्यश्रीला एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. तिचा खोबरेलावर भारी विश्वास. करकरणारं दार, दुखणारं डोकं, देवळाची घंटा, सगळ्यावर एकच औषध. प्रदीपने मुंबईहून आणलेलं हे नवं रबर माळ्यावर कडक झालेलं दिसलं, तेव्हा तिने त्यालाही चांगलं चोळून ठेवलं होतं. तेलकट रबराला पेस्ट धरत नाही, हे तिला कोण सांगणार? बसवताना लावलेल्या साबणानेही इतकं मुरलेलं तेल गेलं नव्हतं.

रंभाने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं. भाग्यश्रीच्या वेणीवरून तेल चमकत होतं.

"उंदीर असतील," रंभा म्हणाली. "माळ्यावरच्या उंदरांना खोबरेल लय आवडतं. केस पण काळे राहतात त्यांचे."

प्रदीपला त्यातलं काही कळलं नाही. काच पुन्हा उतरली. रबर कपड्यांच्या पावडरने घासून, पुसून, कोरडं करून पुन्हा चढवलं. दुसऱ्या वेळी बादल्या ओतून ओतून कान्हूचे हात भरून आले, पण आत ओल नाही. रंभाने दाराशी ठेवलेला कप उचलला. चहावर साय धरली होती. रंभा तो तसाच प्यायली आणि भाग्यश्रीने नवीन टाकलेलाही प्यायली.

तरी प्रदीपचं एकच टुमणं, पहिल्यांदा गळली ती गळलीच. भाग्यश्रीने खरं काय ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उंदरांवर गेलंय तर जाऊ दे, असं तिने ठरवलं.

गणपती आणायला दोघं पेणला गेली तेव्हा आभाळ भरलेलंच होतं. मूर्ती मागच्या सीटवर बसवली, तोंडावर रुमाल टाकला. भाग्यश्रीने शेजारी नारळ आणि विडा ठेवला. प्रदीपने त्याच्याही शेजारी लोखंडी पान्यांची पिशवी ठेवली, काच गळली तर हाताशी असावी म्हणून. तिने ती डिकीत टाकायला सांगितली, त्याने ऐकलं नाही. पेण सोडलं आणि पाऊस कोसळला. काचेवरून पाण्याचे लोट चाललेले आणि खाली रस्त्यात खड्डे. भाग्यश्री मान वळवून वळवून बाप्पाच्या कानाकडे बघत होती. कान कोरडा होता.

कासू मागे पडलं तेव्हा तिने हात मागे घालून सीट चाचपली. हात ओला झाला.

प्रदीपने गाडी मागे वळवली आणि गडबला थेट रंभाच्या दुकानाच्या पत्र्याखाली घेतली. दोष गाडीचा नाही, काच बसवणारीचा, हे त्याला बायकोला आताच पटवून द्यायचं होतं, नाहीतर गाडी गेलीच. तो उतरायच्या आधीच बोलायला लागला. दुसऱ्यांदाही गळली, मी म्हणालोच होतो, बायकांच्या हाती काम दिलं की असंच होतं. भाग्यश्री टेम्पोचं भाडं काय पडेल ते मनात काढत होती.

रंभाने हात पुसले, मागचं दार उघडलं आणि आधी बाप्पाला नमस्कार केला. मग काचेच्या कडेवरून, वरून खालपर्यंत, बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. सीटवरच्या ओलीत ते टेकवलं आणि जिभेला लावलं.

"भाऊ, तुम्हीच चाखा."

"मी कशाला चाखू?"

"मी सांगितलेलं तुम्हाला पटत नाय. मग चाखा."

दुकानात काच बदलायला थांबलेले दोघं-तिघं बघायला लागले. प्रदीपने नाइलाजाने बोट ओलं केलं, जिभेच्या टोकाला लावलं, आणि पुन्हा एकदा लावलं.

"कसं लागतं?" भाग्यश्रीने विचारलं.

"गोड आहे," तो म्हणाला.

रंभाने पान्यांची पिशवी उचलली. तिच्याखाली देवाचा नारळ होता, शेंडीपासून बुडापर्यंत तडकलेला. खड्ड्यात पिशवी त्याच्यावर आपटली होती. काचेतून थेंबसुद्धा आला नव्हता.

भाग्यश्रीने टेम्पोचा हिशेब सोडून दिला आणि दुकानातल्या फडक्याने सीट पुसली. कान्हूने आतून न विचारता नवा नारळ आणून ठेवला. प्रदीप म्हणाला, ते सगळं खरं, पण पहिल्यांदा गळली होती की नाही? रंभाने भाग्यश्रीकडे बघितलं. भाग्यश्रीने वेणी पदराखाली घेतली.

"ते खोबरेल मीच लावलं होतं," ती म्हणाली.

प्रदीपने दोघींकडे बघितलं. मग बाप्पाकडे, पण तिथे तोंडावर रुमाल होता.

"पिशवी डिकीत टाका भाऊ," रंभा म्हणाली.

त्याने टाकली.