इंजेक्टरला लावलेला साबण

आमच्या बाबांनी जन्मभर ट्रक चालवला. त्यामुळे गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे उपाय तयार असतो आणि तो करताना ते कुणाला विचारत नाहीत. डिझेलची टाकी झिरपायला लागली की तिथे कपड्यांचा साबण चोळायचा, हा त्यातलाच एक. आडवाटेला अडकलेले ट्रकवाले असंच करतात आणि गाडी ठिकाणावर पोचतेही. पण म्हणून दिसेल तिथे साबण चोळायचा का?

पनवेलबाहेर कोनजवळच्या आमच्या गावात आई-बाबा दोघंच राहतात. मी खांदा कॉलनीत. आईला अर्धांगवायूचा झटका आला, त्यात तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक दिवसाआड बाबा तिला व्यायामासाठी नवीन पनवेलला आणायचे, आमच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीतून. मागच्या सीटवर बसवायचे, कुशीला उशा खोचायचे, पट्टा लावायचे. रस्त्यावर कंटेनरची धूळ फार, म्हणून काचा बंद. तो पट्टा तिला स्वतःला काढता येत नव्हता आणि दारही उघडता येत नव्हतं.

दिवाळीनंतर आई गाडीत बसायला नको म्हणू लागली. मान हलवायची, पदर नाकातोंडाला लावून रडायची. बाबा मला फोनवर सांगायचे, "कंटाळलीय ती. पण मी ऐकत नाय. आज सोडलं तर कायमची पडून र्‍हाईल." मला ते पटायचं. व्यायाम करून घेणाऱ्या बाईही म्हणाल्या होत्या की असे पेशंट मनानं खचतात, थोडी जबरदस्ती करावी लागते. झालं, आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या रडण्याला खचणं असं नाव देऊन टाकलं.

एका रविवारी मी गावी गेले होते. अंगणातली गाडी जरा पुढे घ्यावी म्हणून आत बसले, इंजिन सुरू केलं, आणि पेट्रोलचा असा भपकारा आला की मी किल्ली बंद करून उडीच मारली बाहेर. बोनेट उघडलं. इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर एका नळीखाली ओळीनं बसवलेले असतात. त्यातल्या दोन इंजेक्टरच्या सांध्याला ओल होती आणि त्या ओलीभोवती निळ्या साबणाचा जाड लेप होता.

"बाबा, हे काय आहे?"

"थोडा झिरपत होता. मी बंद केला."

"बंद झाला नाहीये. वास नाही आला तुम्हाला?"

करोनात बाबांचा वास गेला तो परत आलाच नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुके बोंबील तव्यावर करपले तरी त्यांना पत्ता नसतो, यावर आम्ही हसायचोसुद्धा. करंजाच्या बंदरावर मासळी घेताना ते कल्ले उघडून बघतात, बोटानं दाबून बघतात, त्यामुळे तिथे कधी फसले नाहीत. वासावाचून माणसाचं काही अडत नाही, अशी आमची सोयीची समजूत झाली होती.

माझा नुसता संताप झाला. त्या नळीत पंपाचा जोर असतो. टाकीवर टिकणारा साबण तिथे काय टिकणार, आणि खाली तापलेलं इंजिन. पेटली असती गाडी, तर बाबा दार उघडून बाहेर पडले असते. मी ते तसंच बोलून दाखवलं. "आणि मागे आईला तुम्ही बांधून ठेवलेली असते," मी म्हणाले. बाबा बोनेटला हात टेकून उभे होते, ते खाली ओट्यावर बसले.

गॅरेजवाल्याला बोलावू या म्हटलं, तर ते म्हणाले, "मीच करतो. वास तेवढा तू घे." मला नाही म्हणवलं नाही. त्यांनी इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची वायर काढली, नळीचा सांधा फडक्यात धरून हळूच सैल केला आणि इंजेक्टरसकट नळी उचलून बाहेर घेतली. सांध्यातल्या रबरी रिंगा चिंचोक्यासारख्या कडक झाल्या होत्या. नखानं दाबली तर एक मोडलीच. मी एक इंजेक्टर कापडात गुंडाळून स्कूटरवरून पनवेलच्या दुकानात नेला आणि मापाच्या नव्या रिंगा आणल्या, चारही इंजेक्टरच्या. परत आले तेव्हाही बाबा तो साबण पुसत होते. पुसून केव्हाच स्वच्छ झालं होतं.

नव्या रिंगांना ऑइलचं बोट लावून त्यांनी इंजेक्टर बसवले, नळी जागेवर दाबून बोल्ट आवळले, बॅटरीची वायर परत जोडली. किल्ली फिरवल्यावर पंपाचा आवाज आला. मी वाकून एकेका सांध्याखाली बोट फिरवलं. कोरडं. इंजिन चालू केलं, तरी कोरडं. काचा बंद करून मी हायवेपर्यंत एक फेरी मारली, वासाचा लवलेश नव्हता. मला फार हायसं वाटलं आणि बाबांवरचा राग बराचसा ओसरला.

आई ओटीवर चाकाच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "गो, तुला वास येत होता ना? आता नाय येणार. नवीन रबर टाकलाय." तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आम्ही खुर्ची गाडीपाशी आणली. मी तिला काखेत धरून उठवलं, आणि तिनं डाव्या हातानं दाराची चौकट पकडली.

"आई, बघ ना, गेला वास," मी म्हणाले. तिनं डोळे मिटून घेतले. हात सोडला नाही. मी तो सोडवायला गेले तशी बाबांनी माझं मनगट धरलं.

"र्‍हाऊ दे बाय," ते म्हणाले. "दर वेळेला अशीच धरायची. मी एक एक बोट सोडवून आत बसवायचो. लय जोर लावायची. मला वाटायचं, व्यायामाचा गुण येतोय."

तिचा हात आपणहून खाली येईपर्यंत आम्ही दोघं तिला धरून तिथेच उभे राहिलो.