तिच्या वहीतली कासवं

माझी बायको धुळ्याच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होती, आणि त्या सत्तावीस वर्षांत तिने मुलांना दाखवलेला सगळा समुद्र बरण्यांमध्ये होता. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला फळ्या, फळ्यांवर बरण्या, बरण्यांत फॉर्मालिन आणि त्यात तारामासा, समुद्रकाकडी, समुद्रघोडा अशी मंडळी निमूट उभी. रंग सगळ्यांचा एकच, शिळ्या वरणाचा. परीक्षेत मुलं तारामाशाचा रंग पिवळसर लिहायची आणि ती गुण द्यायची, कारण दुसरा रंग तिनेही पाहिला नव्हता.

मी निवेदक आहे. लग्नं, सत्कार, एकसष्ठ्या, साड्यांच्या दुकानांची उद्घाटनं. धुळ्यापासून दोंडाईच्यापर्यंत मी ज्याला ‘कर्तबगार’ म्हटलं नाही असा नवरदेव शोधावा लागेल. माईक हातात आला की माणसं आहेत त्यापेक्षा वीतभर उंच करायची, हा माझा धंदा. बायको म्हणायची, घरात तेवढा माईक बंद ठेवत चला.

तीन वर्षांपूर्वी तिला संध्याकाळी ओट्यावरचा पेला सापडेनासा झाला. मग ती दोनदा जिन्यात पडली. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर कडांकडून आत सरकत चालली आहे. समोरचं स्वच्छ दिसेल, पण नळीतून बघितल्यासारखं, आणि ती नळी बारीक होत जाईल. किती वेगाने ते सांगता येत नाही. औषध नाही. परतीच्या बसमध्ये पारोळा सुटल्यावर ती म्हणाली, “मला ते सगळे जिवंत बघायचेत.” मला वाटलं, कोणा नातेवाइकांबद्दल बोलतेय.

हे नातेवाईक म्हणजे बरण्यांतली मंडळी, आणि त्यांचा पत्ता निघाला मालदीवचा. सहा दिवस बोटीवरच राहायचं, एका बेटाजवळून दुसऱ्या बेटाजवळ जायचं, पाठीवर हवेचा टँक लावून दिवसातून तीनदा पाण्याखाली उतरायचं. पोहायला आम्ही दोघंही विहिरीत शिकलो होतो. पण विहिरीत श्वास कोंडून बुडी मारतात, आणि टँक लावला की श्वास कोंडायचाच नाही. पाँडिचेरीत बुडी शिकवणाऱ्या एका शाळेत चार दिवस आम्ही मुख्यतः श्वास घ्यायला शिकलो. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली: दिवसा चालेल, अंधारात नाही, आणि जोडीदार सतत शेजारी हवा. शेजारचे नाना आमच्या बॅगा बघून म्हणाले, “पाणीच देखनं शे ना? मंग तापीले काय व्हयनं?” मी म्हटलं, “नाना, तापीत आमच्या बाईंचे विद्यार्थी सापडतील, त्यांचा अभ्यासक्रम नाही.”

बोटीवर आम्ही दहाजण होतो. आमचा गाइड मालदीवचाच, हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला. पाण्यात जायच्या आधी तो पांढऱ्या फळ्यावर खालच्या खडकांचा नकाशा काढायचा, आणि माझी बायको पहिल्या बाकावर बसून तो उतरवून घ्यायची. आम्ही बरोबर नेलेले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि लसणाची चटणी स्वयंपाक्याच्या हवाली केली. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या बोटीला बिबड्यांशिवाय जेवण जाईना.

पहिल्या बुडीत मी तिच्या डाव्या बाजूला होतो. पाण्याखाली डोळ्यांवर मास्क असतो, त्याने कोणालाही कडेचं दिसत नाही. सगळेच मान वळवून वळवून बघतात. म्हणजे तिथे दहाच्या दहाजण तिच्यासारखे. धुळ्यात रस्ता ओलांडताना माझी बाही घट्ट धरणारी बाई खाली हात मोकळे सोडून तरंगत होती. खोल पाण्यात लाल रंग उरत नाही, सगळं राखाडी-निळं दिसतं, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. तिने एका राखाडी प्रवाळावर टॉर्च मारला. ते पेटल्यासारखं लाल झालं. तिच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोंढा निघाला. हसली की रडली, मास्कमधून कळत नाही.

वर आल्यावर प्रत्येकजण वही लिहितो: किती खोल, किती मिनिटं, काय दिसलं. तिने समोरचं सगळं लिहिलं, शास्त्रीय नावांसह, शेजारी चित्रं काढून. मग पेन उचलून मला विचारलं, “कडेला काय होतं?”

मी सांगितलं. दोन मोठे पोपटमासे, एक पट्ट्यापट्ट्यांचा थवा. ते खरं होतं. पण तिने ज्या चवीने लिहून घेतलं, ती चव मला लागली. पंचवीस वर्षं स्टेजवरून बोलतोय, पण माझं एकेक वाक्य असं जपून लिहून घेणारा श्रोता मला कधी मिळाला नव्हता. दुसऱ्या बुडीत डावीकडे नुसतं निळं पाणी होतं. ती म्हणाली, “कडेला?” मी म्हटलं, “कासव.” तिचा चेहरा असा उजळला की तिसऱ्या बुडीनंतर मी दोन सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांतलं एक पिल्लू झालं. एका म्हाताऱ्या कासवाच्या पाठीवर मी शेवाळही वाढवलं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी गाइड तिची वही चाळत होता. चित्रं तो बघत होता, आकडे वाचत होता. मग हसला. “मॅडम, इतने कछुए? मैं पीछे ही था. पहले दिन से आज तक एक भी नहीं दिखा.”

तिने वही परत घेतली. पानं उलटली. माझ्याकडे बघितलं नाही. राग आला की ती माहेरची दोंडाईच्याची भाषा बोलते. पुटपुटली, “बठ्ठं खोटं शे.” सगळं खोटं.

मी म्हटलं, “अगं, तुला बरं वाटावं म्हणून. कासवं काय, समुद्रात असतातच. आज नाही तर...”

“शेवाळ कशाला लावलंत त्याला?”

मी चहाचा पेला खाली ठेवला.

“दोन वर्षांनी मी खिडकीत बसेन आणि तुम्हाला विचारेन, बाहेर काय आहे,” ती म्हणाली. आवाज अगदी वर्गात शिकवतानाचा. “तेव्हा मला काय सांगाल? तुमच्या डोळ्यांवर विसंबून राहायचंय मला, अहो. मी ते गृहीत धरलं होतं. आता कसं धरू?”

चौथ्या दिवशी तिने जोडीदार बदलला. गाइडला सांगितलं, मला तुमच्याबरोबर ठेवा. मला एका तरुण इंजिनिअरबरोबर दिलं, तो पाण्याखालीही स्वतःचेच फोटो काढायचा. मी तिच्या मागे दहाएक हातांवर होतो. एका कपारीत, तिच्या डाव्या खांद्यापासून हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ, खरंखुरं कासव झोपलेलं होतं. गाइड उजवीकडे काहीतरी दाखवत होता. ती उजवीकडे वळली आणि पुढे गेली. मी जीव खाऊन पाय मारले. पोचेपर्यंत ते उठलं, सावकाश, कंटाळल्यासारखं, आणि निळ्यात गेलं.

वर आल्यावर मी तिला सांगितलं. परातीएवढं होतं, कपारीत होतं, पाठीवर काही नव्हतं. तिने ऐकून घेतलं. पेन हातात होतं, तरी लिहिलं नाही.

“असेलही,” ती म्हणाली. “पण मला आता कळणार नाही ना.”

ते दोन दिवस मी बोटीवर कमी बोललो. स्वयंपाक्याने दोनदा विचारलं, तब्येत ठीक आहे ना. संध्याकाळी बाकीचे टॉर्च घेऊन अंधारातल्या बुडीला जायचे, तेव्हा ती डेकवर बसायची, कारण तिला परवानगी नव्हती. मी शेजारी बसायचो. एकदा तिने विचारलं, “चांदणं आहे का?” मी वर बघितलं. “ढग आहेत. तीन-चार चांदण्या.” तिने मान हलवली. चांदण्यांनी खच्चून भरलेलं आकाश सहज रचून सांगता आलं असतं.

शेवटच्या बुडीला ती आपणहून माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या टँकचा पट्टा तपासला. मी तिचा तपासला.

खाली बरंच काही दिसलं. मग एका ठिकाणी ती एकदम थांबली, टॉर्च रोखला आणि माझा दंड असा दाबला की नंतर दोन दिवस खूण होती. मी तिच्या टॉर्चच्या उजेडात बघितलं. तिचा हात थरथरत होता, उजेड हलत होता. ती पुढे सरकल्यावर मी मागे वळून पुन्हा बघितलं.

वर आल्यावर तिने मास्क काढायच्या आधी बोलायला सुरुवात केली. “अष्टपाद होता. रंग बदलला त्याने, बघितलात ना? तपकिरी होता, माझ्यासमोर तांबडा झाला. मी वर्गात इतकी वर्षं सांगते की रंग बदलतो, पण...” तिला धाप लागली. केस कपाळाला चिकटलेले. लग्नाच्या दिवशीही ती इतकी सुंदर दिसली नव्हती, आणि हे मी निवेदक म्हणून सांगत नाही. “बघितलात ना तुम्ही?”

मी बघितलं होतं. तो दगड होता. वर तपकिरी स्पंज वाढलेला. टॉर्चचा उजेड पडला तेव्हा तांबडा झाला, हलला तेव्हा परत तपकिरी.

‘हो’ म्हणायला काहीच लागत नव्हतं. तिला तो अष्टपाद जन्मभर पुरला असता. गाइड लांब होता, कोणी वही तपासणार नव्हतं. समोर श्रोता होता, असा श्रोता की ज्याच्यासाठी मी आयुष्यभर बोलत आलो. माझं तोंड उघडलंही.

“दगड होता,” मी म्हटलं. “वर स्पंज. तुझा टॉर्च हलत होता. मी परत वळून बघितलं.”

बोटीचं इंजिन सुरू झालं. मग तिने चेहरा टॉवेलमध्ये घातला आणि खांदे हलू लागले. जिना चुकला, सत्तावीस वर्षांची नोकरी सोडावी लागली, तेव्हाही ती रडली नव्हती. मी विनोद केला नाही. हात पाठीवर ठेवला, तो तिने झटकला नाही, इतकंच.

रात्री जेवणानंतर तिने वही उघडली. खोली लिहिली, मिनिटं लिहिली, दिसलेली नावं लिहिली. मग विचारलं, “कडेला?”

“एक थवा. निळा. बाकी पाणी.”

तिने लिहिलं, “निळा थवा.”

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा जळगावला गेलो. तपासणीनंतर मशीनमधून एक कागद निघतो. त्यावर दोन वर्तुळं असतात, दिसत नाही तेवढा भाग काळा. डॉक्टर फोनवर बोलत बाहेर गेले होते. कागद माझ्या हातात होता आणि तिला तो त्या उजेडात वाचता येत नव्हता.

“किती आहे?” तिने विचारलं.

“काळं वाढलंय,” मी म्हटलं. “उजव्यात जास्त. मधलं पांढरं मागच्या वेळी रुपयाएवढं होतं. आता शर्टाच्या बटणाएवढं आहे.”

“आणि डावं?”

“डावं थोडं मोठं. पण फार नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि माझी बाही धरली.