अर्ध्यावरचा नाच

माझा थोरला भाऊ सोफे दुरुस्त करायचा. दिवसभर तोंडात बारीक खिळे धरलेले, त्यामुळे बोलणं कमी. एकेक खिळा जिभेने ओठावर आणायचा, ठोकायचा आणि गिऱ्हाइकाला नुसती मान हलवून उत्तर द्यायचा. वहिनी गेल्यावर मुलीला त्यानेच वाढवलं. तिच्या वेण्याही सोफ्याची दोरी आवळावी तशा घालायचा. पोरीचे डोळे ताणले जायचे. मी ओरडायचे, तो हसायचा.

पोरगी नाचात निघाली. शाळेत नाच शिकवून पोट भरायची. स्वतःचं काही करायला वेळ कुठला? मग तिला एका नृत्यसंस्थेचं बोलावणं आलं. रेसिडेन्सी म्हणे. तीन महिने राहायला खोली, आयतं जेवण, तालमीला हॉल, चार गोष्टी सांगायला एक अनुभवी बाई. बदल्यात फक्त नवा नाच बसवायचा. मी म्हटलं, "फुकट कोण पोसतं गं आजकाल?" दादाने तोंडातले खिळे काढून हातात घेतले. त्याच्या मानाने हे फारच झालं. म्हणाला, "पोरीवर कोणीतरी भरवसा टाकलाय. तू नाट लावू नकोस."

मुक्काम संपत आला तेव्हा झालं तेवढं काम बघायला घरच्यांना बोलावलं. दादा नवा शर्ट घालून निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परतला, दुकानाला कुलूप लावलं की नाही बघायला. लावलेलंच होतं. आम्ही पोचेपर्यंत दिवे मालवले होते. चाचपडत मागे जाऊन बसलो.

बघतो तर काय, पोरगी दादाच नाचत होती! गुडघा टेकून कापड ताणणं, ओठ घट्ट मिटून हातोडी मारणं, ठोकून झाल्यावर तळहाताने हळूच दाबून बघणं. गाणं नाही, बाजा नाही, नुसतं ठक ठक. दादाने माझं मनगट इतकं आवळलं की दुखलं.

नाच संपला. दिवे लागले. एकही टाळी पडली नाही. हॉलभर शिकलीसवरलेली माणसं, मख्खासारखी बसून राहिली. दादाने वाजवायला उचललेले हात पुन्हा मांडीवर ठेवले.

"चल," तो कुजबुजला. "आपल्याला बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

पोरीला न भेटताच आम्ही निघालो. रस्ताभर मी त्या लोकांचा उद्धार करत होते. तो एवढंच म्हणाला, "माझ्यावर कशाला करायला गेली? सोफेवाल्यात काय बघायचं लोकांनी?"

ती घरी आल्यावर तिने विचारलंच, "बाबा, कसं वाटलं?"

"छान होतं गं. जेवलीस का?"

ती पुढे काही सांगायला गेली की हा कुठल्यातरी मोडक्या खुर्चीचा विषय काढायचा. मलाही दटावून ठेवलं होतं, "खपली काढायची नाही." पुढे तोच नाच मोठ्या रंगमंचावर व्हायचं ठरलं. तारीख ऐकून म्हणाला, "त्या दिवशी काम आहे." लेकीचं पुन्हा हसं झालेलं त्याला बघवलं नसतं.

ती तारीख त्याने पाहिलीच नाही. दुकानात जुनं अस्तर उसवता उसवता खाली बसला, तो उठला नाही.

दुकान आवरायला आम्ही दोघीच होतो. उसवलेल्या सोफ्यावर बसून ती म्हणाली, "आत्या, खरं सांग. बाबांना माझी लाज वाटली ना? मी त्यांचा धंदा चारचौघांत मांडला म्हणून?"

"लाज?" मी उसळले. "अगं, तुझा नाच पडला म्हणून झुरला तो! एका मेल्यानेही टाळी वाजवली नाही..."

ती सोफ्यावरून उठलीच.

"तिथे टाळ्या वाजवत नाहीत, आत्या. नियमच आहे. काम अर्धं असतं ना, कौतुक झालं की ते तिथेच अडकतं. सुरुवातीलाच सांगतात सगळ्यांना." "नंतर किती वेळ सगळे बोलत होते. हा माणूस कोण, आम्हाला भेटव म्हणत होते. मी रस्त्यापर्यंत धावत आले तुम्हाला शोधत."

एवढी तोंडाळ मी. अख्ख्या जगाला हे ओरडून सांगितलं असतं. ज्याला सांगायचं, तोच नव्हता.