नाल्याकाठची भेग

मंडळी, घरोघरी फोन नाहीत, म्हणून हा कागद आपल्या मराठी मंडळाच्या फलकावर लावते आहे.

आज सकाळी खातीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, नाल्याच्या बाजूला, बोटभर रुंद भेग दिसली. शेजारचे शर्माजी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. त्यांनी वाकून माती चोळली.

"भाभीजी, इथं खाली खडक नाही. वाऱ्यानं आणलेली वाळू आहे, आणि पाणी ती आतून नेतंय. आत्ताच बाहेर पडा."

सासूबाई देव घेतल्याशिवाय निघेनात. मी त्यांना हाताला धरून ओढतच रस्त्यावर आणलं.

दुपारी सामान आणायला गेले, तर अंगण नव्हतंच. स्वयंपाकघराचं मागचं दार थेट नाल्यावर उघडत होतं. पाऊस कालच थांबला होता, तरी वाळू घसरतच होती.

तुमच्यापैकी कुणाचं घर नाल्याकाठी आहे? आजच घरामागची जमीन पाहून या.